छायाचित्रकाराचा पत्रव्यवहार

छायाचित्र घेण्यास लागणारा वेळ सेकंदाच्या शतांशांत मोजतात. परंतु त्या छायाचित्राच्या मागें-पुढें जो व्यवहार चालतो, तो आठवडेच काय, महिनेही पुरतो. लग्नाची तारीख मोकळी आहे काय, दर काय, विसार किती, अल्बम केव्हां मिळणार, राहिलेली रक्कम कशी पाठवावी, या साऱ्या प्रश्नांचीं उत्तरें कोणाला तरी लिहावींच लागतात. या धंद्यांत नव्यानें उतरणाऱ्या तरुणाला कॅमेऱ्याची जितकी ओढ असते, तितकी या लिहिण्याची नसते. आणि तरीही त्याचा धंदा नांवारूपाला येतो किंवा मोडतो, तो पुष्कळदां या लिहिण्यामुळेंच.

एका लग्नाचा हिशेब करून पाहावा. पहिल्या चौकशीचें उत्तर, दरपत्रक, तारीख पक्की झाल्याचें पत्र, कार्यक्रमाची माहिती मागविणारें पत्र, आठवडाभर आधींचें स्मरणपत्र, लग्नानंतर नमुन्यादाखल कांहीं छायाचित्रें पाठवितांनाचें पत्र, अल्बमसाठीं निवड करण्याची विनंती, बाकी रकमेची मागणी आणि शेवटीं सर्व काम हातीं सोंपविल्याचें पत्र, अशीं ९ पत्रें तरी होतातच. हंगामांत ३० लग्नें घेणाऱ्या छायाचित्रकाराचीं २७० पत्रें झालीं. प्रत्येक पत्राला १५ मिनिटें धरलीं तर ६७ तास ३० मिनिटें, म्हणजे रोज ८ तास बसूनही आठ दिवसांहून अधिक काळ नुसता लिहिण्यांत जातो. तींच पत्रें आधीं नीट विचार करून लिहून ठेवलेलीं असलीं, आणि त्यांत नांव, तारीख व दोन-चार ओळी भरण्यास ४ मिनिटें लागलीं, तर तोच हिशेब १८ तासांत आटोपतो.

अशा आधीं लिहून ठेवलेल्या पत्राला टेम्प्लेट हा इंग्रजी शब्द रूढ झाला आहे. मराठींत त्याला साचा किंवा कित्ता म्हणतां येईल. परंतु वाचलेला वेळ हा साच्याचा लहान फायदा आहे. मोठा फायदा असा कीं, घाईच्या दिवशीं सांगावयाची गोष्ट सांगावयाची राहून जात नाहीं. एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर मांडवांत उभा राहून रात्रीं अकरा वाजतां घरीं परतलेला माणूस जें पत्र लिहितो, त्यांत विसाराची रक्कम असते तर मुदत नसते, आणि मुदत असते तर प्रवासखर्च कोणाचा हें नसतें. जें लिहिलेलें नाहीं त्याचा अर्थ मग प्रत्येक पक्ष आपल्या सोयीनें लावतो, आणि मंगलकार्याच्या घरीं कटु शब्द उच्चारले जातात.

रत्नागिरीसारख्या गांवीं या गोष्टीला विशेष महत्त्व येतें. येथील कित्येक कुटुंबांचें घर कोंकणांत आणि घरचीं कर्तीं माणसें मुंबईस, पुण्यास किंवा त्याहूनही दूर, अशी स्थिति पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कोंकण रेल्वेचा मार्ग १९९८ सालीं पूर्ण खुला झाल्यावर येणें-जाणें सुलभ झालें. तरी लग्न ठरविण्यासाठीं जो तो सवडीनें येतोच असें नाहीं. मुलाचे वडील डोंबिवलीस, मुलगा परदेशीं, मुलीचे मामा रत्नागिरींत आणि लग्न गणपतीपुळ्याच्या बाजूला, अशा कार्यांत छायाचित्रकाराची व यजमानांची पहिली प्रत्यक्ष भेट हळदीच्या दिवशीं होते. पूर्वीं गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढे, भिंतीवरचीं चित्रें पाही, माणूस पारखी आणि मग पैसे देई. आतां तें पारखणें पत्रावरूनच होतें. उत्तर चार दिवस आलें नाहीं तर दुसऱ्या छायाचित्रकाराकडे विचारणा जाते. उत्तर तुसडें आलें तर माणूसही तसाच असावा, असें समजलें जातें.

साचा म्हटला कीं सुसंस्कृत माणसाच्या कपाळाला आठी पडते. साच्यांतून काढलेलें पत्र निर्जीव होईल, त्यांत जिव्हाळा कोठून येणार, असा आक्षेप घेण्यांत येतो. परंतु मराठी पत्राला साच्याचें वावडें कधींच नव्हतें. हेमाडपंताच्या नांवाशीं परंपरेनें जोडलेल्या मेस्तकांत कोणाला कोणत्या मायन्यानें लिहावें याचे दंडक सांगितलेले आहेत. वडिलांस ‘कृतानेक साष्टांग नमस्कार’, बरोबरीच्यास ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’, आणि शेवटीं ‘लोभ असावा ही विनंती’, हे शब्द लिहिणाऱ्यानें प्रत्येक वेळीं नव्यानें शोधून काढले नव्हते. ‘स. न. वि. वि.’ एवढीं चार अक्षरें पाहतांच वाचणाऱ्याला नातें कळे, आणि लिहिणाऱ्याची बुद्धि पुढच्या मजकुरासाठीं मोकळी राही. त्या ठराविक मायन्याखालीं माणसांनीं आपलीं सुखदुःखें लिहिलींच.

पुढें टपालखात्यानें हीच रीत घरोघर नेली. १ जुलै १८७९ रोजीं हिंदुस्थानांत पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें. त्याच्या इवल्याशा जागेंत काय लिहावें आणि काय गाळावें याचें शिक्षण सबंध समाजाला मिळालें. व्यापारी तर मजकूर छापून फक्त नांव व रक्कम हातानें भरीत. तारखात्यानें शुभेच्छांचीं ठराविक वाक्यें करून त्यांना क्रमांक दिले होते. पाठविणारा नुसता क्रमांक देई आणि लग्नघरीं संपूर्ण वाक्य पोहोंचे. ही तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. वाक्य ठराविक म्हणून ती शुभेच्छा कोणाला खोटी वाटली नाहीं. कारण तिच्याखालचें नांव खरें होतें. कोंकणांतल्या गृहिणीला हें निराळें सांगावयास नको. मोदकाला साच्यानें आकार येतो. गोडी मात्र सारणाची, आणि तें ज्या त्या दिवशीं ताजें करावें लागतें.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळावें. जीमेलमध्यें ही सोय आहे. संगणकावर सेटिंग्जच्या ॲडव्हान्स्ड या भागांत जाऊन टेम्प्लेट्स चालू करावे लागतात. एकदां लिहिलेलें पत्र नांव देऊन ठेवलें कीं पुढें हवें तेव्हां तें नव्या पत्रांत उतरतें. २०१८ सालीं निघालेल्या व्हॉट्सॲप बिझनेसमध्येंही लहान लहान उत्तरें सांठवून ठेवतां येतात, आणि तिरपी रेघ व ठरविलेला शब्द टाइप केल्याबरोबर तीं समोर येतात. दोन्ही साधनें वापरावीं. परंतु त्यांचीं कामें वेगळीं ठेवावीं. ‘निघालों आहोंत, अर्ध्या तासांत पोहोंचतों’ हा निरोप व्हॉट्सॲपवर शोभतो. दर, अटी आणि तारखा यांचें पत्र मात्र ई-मेलनें जावें, कारण गप्पांच्या ओघांत गेलेली अट सहा महिन्यांनीं सांपडत नाहीं. कायद्याच्या दृष्टीनेंही ई-मेलला वजन आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्यांत २००८ च्या दुरुस्तीनें स्पष्ट करण्यांत आलें कीं, करार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गानें झाला एवढ्याच कारणावरून तो निरुपयोगी ठरत नाहीं. छायाचित्रें मात्र पत्राला जोडून पाठवूं नयेत. जीमेलच्या एका पत्राबरोबर २५ मेगाबाइटांपर्यंतच मजकूर जातो. म्हणून तीं दुसरीकडे ठेवून त्यांचा दुवा पाठवावा.

चौकशीच्या पहिल्या उत्तराचा साचा सुमारें पुढीलप्रमाणें करतां येईल:

‘सप्रेम नमस्कार. आपलें पत्र पोहोंचलें. आपल्या घरच्या मंगलकार्यासाठीं विचारणा केल्याबद्दल आभार. दिनांक (तारीख) रोजीं स्टुडिओ मोकळा आहे. दरपत्रक सोबत जोडलें आहे. त्यांत काय समाविष्ट आहे व काय नाहीं, हें वेगवेगळें लिहिलें आहे. ही तारीख (दिवस) पर्यंत आपल्यासाठीं राखून ठेवली आहे. त्यापूर्वीं विसार पोहोंचल्यास ती पक्की धरली जाईल. (येथें त्या घरच्या पत्रांतील एका तरी गोष्टीचें उत्तर लिहावें.) कळावें, लोभ असावा.’

या साच्यांतील महत्त्वाचें वाक्य कंसांतील शेवटचें आहे. मुलीच्या आईनें पत्रांत लिहिलें असेल कीं, आजीला जिना चढवत नाहीं, तेव्हां तिच्याबरोबरचे फोटो तळमजल्यावर व्हावेत. त्या एका ओळीला उत्तर दिलें कीं सबंध पत्र त्या घराचें होतें. न दिलें तर बाकीचें पत्र कितीही सुबक असलें तरी तें परिपत्रक राहतें.

तारीख पक्की झाल्याच्या पत्रांत रकमा आंकड्यांत लिहाव्या: एकूण किती, विसार किती, बाकी केव्हां. कार्य पुढें ढकललें किंवा मोडलें तर काय, हें त्याच पत्रांत असावें. २०२० च्या मार्चअखेर देशभर टाळेबंदी झाली आणि वसंतांतलीं लग्नें पुढें गेलीं. त्याच वर्षाच्या जूनमध्यें निसर्ग चक्रीवादळानें दापोली-मंडणगडाकडे हाहाकार केला. २०२१ च्या मे महिन्यांत तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलें. अशा वेळीं विसार परत मिळणार कीं पुढील तारखेस धरणार, हा प्रश्न विचारण्याचाही संकोच वाटतो. उत्तर आधींच लिहिलेलें असलें म्हणजे दोन्ही पक्षांची अब्रू राहते.

कार्यक्रमाची माहिती मागविणारें पत्र हें साऱ्यांत उपयोगी. साखरपुडा, हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकें, सप्तपदी, लक्ष्मीपूजन यांपैकीं काय होणार व कोणत्या वेळीं. मुहूर्त किती वाजून किती मिनिटांचा. कोणत्या वडीलधाऱ्यांचा फोटो राहतां कामा नये. त्यांना ओळखून पुढें आणणारा घरचा माणूस कोण. हे सर्व प्रश्न त्यांत क्रमानें असावेत. अंतरपाट दूर होण्याचा क्षण दुसऱ्यांदा येत नाहीं. तो चुकला तर साच्यानें वांचविलेले पन्नास तास त्याची भरपाई करूं शकत नाहींत.

आणखी एक गोष्ट पत्रांत स्पष्ट असली पाहिजे, आणि ती बहुधा नसते. छायाचित्र कोणाच्या मालकीचें? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून छायाचित्र घेतलेलें असलें, आणि उलट करार नसला, तर कॉपीराइटचा पहिला मालक तें घेवविणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो आपल्या जाहिरातींत लावण्याचा हक्क छायाचित्रकाराला आपोआप मिळत नाहीं. तो मागून घ्यावा लागतो. म्हणून साच्यांत दोन सरळ पर्याय असावेत: ‘आमचे फोटो प्रसिद्ध करण्यास हरकत नाहीं’ किंवा ‘प्रसिद्ध करूं नयेत’. लहान मुलांच्या फोटोंविषयीं वेगळें विचारावें. घरच्या लेकीचें चित्र तिच्या संमतीवांचून हजारों परक्यांपुढें जावें कीं नाहीं, हा प्रश्न धंद्याचा नसून मर्यादेचा आहे.

येथवर साच्याचे गुण झाले. आतां त्याचे धोके. पहिला धोका सर्वांच्या परिचयाचा: कुलकर्ण्यांच्या पत्रांत सावंतांचें नांव राहून जाणें. जुनें पाठविलेलें पत्र उघडून त्यावरच नवें रचण्याच्या संवयीनें हें घडतें. उपाय सोपा आहे. नेहमीं कोऱ्या साच्यापासूनच आरंभ करावा, आणि भरावयाच्या प्रत्येक जागीं डोळ्यांत भरणारी एकच खूण ठेवावी. पाठविण्यापूर्वीं ती खूण शोधावी. एक जरी सांपडली तरी पत्र अपुरें आहे.

दुसरा धोका याहून नाजूक आहे. साचा लिहितांना डोळ्यांपुढें एक ठराविक कुटुंब असतें. ‘श्री. व सौ.’ असा मायना एकदां लिहिला कीं तो सर्व घरीं जातो. परंतु एखाद्या घरीं पति निवर्तल्यावर एकट्या आईनें मुलीला वाढविलेलें असतें, आणि कन्येचें लग्न तीच उभी राहून करीत असते. तिच्या हातीं तो मायना पडला तर त्या दोन अक्षरांनीं जें दुखावलें जातें, तें पुढच्या कोणत्याही सवलतीनें भरून येत नाहीं. साच्यांत नात्यांविषयीं कांहीं गृहीत धरूं नये. जें नांव गिऱ्हाइकानें स्वतः पत्राखालीं लिहिलें, त्याच नांवानें उत्तर द्यावें.

तिसरा धोका वेळ लावून ठेवलेल्या पत्रांचा. लग्नानंतर एका महिन्यानें निवडीची आठवण, दोन महिन्यांनीं दुसरी, असें यंत्राला सांगून ठेवतां येतें. समजा, लग्नानंतर तीनच आठवड्यांनीं नवऱ्या मुलाचे आजोबा वारले. घरांत सुतक आहे, आणि नेमलेल्या दिवशीं पत्र येतें कीं, ‘आपण अद्याप फोटो निवडले नाहींत, विलंब झाल्यास जादा आकार पडेल.’ यंत्राला दोष देऊन काय उपयोग? वार्ता कळतांच त्या घरचीं सर्व ठराविक पत्रें थांबवावीं, हा नियम साच्यांच्या अग्रभागीं लिहून ठेवावा. त्या दिवशीं साच्याबाहेरचें पत्र लिहावें, आणि सबंध लग्नांतला आजोबांचा जो सर्वांत चांगला फोटो असेल, तो न मागतां, मोबदल्याची गोष्ट न काढतां, पाठवून द्यावा. त्या कुटुंबाला आजोबांचा तोच शेवटचा फोटो असण्याचा संभव फार. साच्यांमुळें जो वेळ वांचला, तो अशा पत्रांसाठींच वांचलेला असतो.

चौथा धोका खोट्या वचनाचा. साच्यांतील वाक्य शंभर घरीं जातें. त्यांतलें न पाळतां येणारें वचनही शंभर वेळां दिलें जातें. अल्बमला हंगामांत १० आठवडे लागत असतील तर ६ लिहूं नयेत. उशीर सांगून वेळेवर देणारा विश्वासू ठरतो. लवकर सांगून उशीर करणारा नव्हे.

काम सोंपवितांनाच्या शेवटच्या पत्रालाही असेंच महत्त्व आहे. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीच्या पुरानें चिपळूण पाण्याखालीं गेलें. घरांत पाणी शिरलें कीं खालच्या कप्प्यांतले कागद, अल्बम आणि संगणक आधीं जातात. भांडीं धुऊन पुन्हां वापरतां येतात. लग्नाचा भिजलेला अल्बम पुन्हां तसा होत नाहीं. म्हणून शेवटच्या पत्रांत दोन वाक्यें ठळक असावीं. एक, स्टुडिओ मूळ फोटो किती काळ जपून ठेवणार व त्यानंतर ठेवणार नाहीं. दुसरें, घरच्यांनीं फोटोंच्या दोन प्रती तरी कराव्या, आणि त्यांतील एक दुसऱ्या गांवीं, एखाद्या नातलगाकडे ठेवावी. मुंबईस घर असलेल्या कोंकणी कुटुंबाला ही सोय सहज आहे; ती सुचविणारें कोणी हवें असतें.

पत्रव्यवहार दोन्ही बाजूंनीं चालतो, तेव्हां यजमानांकडेही थोडें कर्तव्य येतें. छायाचित्रकाराशीं बोलण्याचें काम घरांतल्या एकाच माणसाकडे असावें. काकांनीं एक, आत्यांनीं दुसरें व नवऱ्या मुलानें तिसरें कळविलें, तर उत्तम साचाही गोंधळून जातो. माहितीच्या पत्राचें उत्तर वेळेवर द्यावें. आणि पत्र ठराविक भाषेंत आलें म्हणून राग मानूं नये; त्यांतील अटी नीट वाचाव्या व न पटणारी अट आधींच बोलून घ्यावी.

साचे तयार करण्यास योग्य काळही कोंकणांत निसर्गानेंच नेमून दिला आहे. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, लग्नमुहूर्त थांबतात, पाऊस धरतो, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत छायाचित्रकाराला थोडी उसंत मिळते. त्या दिवसांत गेल्या हंगामांतलीं सर्व पत्रें काढून बसावें. कोणता प्रश्न वरचेवर विचारला गेला, तें पाहावें. त्याचें उत्तर पहिल्या पत्रांतच घालावें. कोठें वाद झाला, तें पाहावें; तेथें एक स्पष्ट वाक्य वाढवावें. लिहिलेला साचा घरांतल्या वडील माणसाला मोठ्यानें वाचून दाखवावा. ज्या वाक्याला ऐकणारा अडखळेल, तें बदलावें. आरंभीं तीनच साचे पुरेत: चौकशीचें उत्तर, तारीख पक्की झाल्याचें पत्र आणि कार्यक्रमाची माहिती मागविणारें पत्र. या तिहींनीं घाईचा बहुतेक भार उतरतो. बाकीचे पुढच्या पावसाळ्यांत सावकाश करावे.